मीठफुटीच्या रानाला सुंदरबनसारखं तळं चालेल का? (वाळवा तालुका)

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. ८० गुंठे काळं रान, तुकडा १०० बाय ८० मीटर, जवळजवळ सपाट. वरच्या अंगाला बारमाही उपसा पाणी. मार्चनंतर वरंब्याच्या माथ्यावर पांढरं फुटतं, उसाला नांग्या पडतात. विहिरीचं पाणी जमिनीपासून अडीच फुटांवर. सुंदरबनात रानाच्या पाचव्या हिश्शात तळं खोदून त्या मातीनं बाकीचं रान उंच करतात, असं वाचलं. इथं करावं का? खालच्या बांधाला ओढा आहे, तळ रानापासून ५ फूट खाली.

चोपण_मिरज:
तळं काढू नका. ती पद्धत समुद्रकाठची. तिथं पाऊस पावणेदोन हजार मिमीच्या आसपास पडतो. दहाएक फूट खोल तळं पावसाच्या गोड्या पाण्यानं भरतं, उंच केलेली माती त्याच पावसात धुऊन निघते, आणि भातानंतर हिवाळ्यात तळ्याच्या पाण्यावर भाजीपाला होतो. तुमच्याकडे अडीच फुटांवर उपळ (खालून वर येणारं पाणी) आहे. दहा फूट खोदलं की तळं त्याच खाऱ्या पाण्यानं भरणार, आणि खालची खारी माती तुम्ही आपल्या हातानं वर पसरणार. आपला सहा-सातशे मिमी पाऊस ती धुऊ शकत नाही. खाडीकाठी क्षार भरतीच्या पाण्याबरोबर येतात. कृष्णाकाठी ते जादा पाण्यानं खालून वर चढतात. म्हणजे तुमच्या रानाला पाणी साठवायला नाही, बाहेर जायला जागा हवी.

आधी माती तपासा. एप्रिल-मेमध्ये ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी असे चार थर वेगळे घ्या. नुसता पांढरा पापुद्रा खरवडून नेला तर अहवाल भलताच येतो. आणि एक घोळ नेहमी होतो: पुस्तकातली ४ डेसीसायमन प्रति मीटरची क्षारतेची मर्यादा संपृक्त अर्काची (माती पाण्यानं पुरती भिजवून काढलेल्या पाण्याची) असते, प्रयोगशाळा बहुधा १:२.५ द्रावणाची (एक भाग माती, अडीच भाग पाणी) क्षारता देते. भारी काळ्या जमिनीत तो आकडा साधारण तीनपट करून बघा, म्हणजे जुळतो. उसाचं उत्पादन संपृक्त अर्काच्या १.७ पासूनच घटायला लागतं.

पाइप_आणि_पातळी:
पाणी बाहेर काढायला जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकायचे, त्याचं तुमच्या तुकड्यापुरतं गणित मांडतो. छिद्रांचे नालीदार ८० मिमी पीव्हीसी पाइप, वर कृत्रिम धाग्याच्या कापडाची गाळणी. अंतर २० मीटर धरलं तर कडेपासून १०, ३०, ५० आणि ७० मीटरवर चार ओळी, म्हणजे ४०० मीटर पाइप. वरच्या टोकाला खोली १ मीटर, उतार ०.२ टक्के, म्हणजे १०० मीटरमध्ये २० सेंमी. खालच्या टोकाला १.२ मीटर. मुख्य पाइप त्याखाली १० सेंमी आणि ८० मीटरला आणखी १६ सेंमी उतार. पाणी बाहेर पडायचं तोंड येतं जमिनीखाली १.४६ मीटरवर.

इथंच गोची आहे. तुमचा ओढा ५ फूट, म्हणजे १.५२ मीटर. तोंड आणि तळ यांच्यात जेमतेम ६ सेंमी राहतात. पावसाळ्यात तोंड बुडणार, आणि बुडालेल्या तोंडातून पाणी उलट आत शिरतं.

दोन वाटा. एक, शेवटी सिमेंट रिंगांचं चेंबर, त्यात फ्लोट स्विचचा लहान पंप, पाणी उचलून ओढ्यात. दुसरी, वरची खोली ९० सेंमी, दोन्हीकडे उतार ०.१ टक्के: तोंड १.१८ मीटरवर येतं, ओढ्याच्या तळापासून एक फुटावर. पण पाइप वर आला की ओळी जवळ घ्याव्या लागतात, १६ मीटरवर पाच ओळी, ५०० मीटर पाइप. इतक्या कमी उतारात दोरी-ओळंब्याचं काम चालत नाही, लेझर लेव्हलच हवी. एका जागी दोन सेंमी उलटा उतार पडला की तिथं गाळ बसतो. वाटेत खोलगट तुकडे राहिले की त्याच्या वरच्या अंगाची ओळ मेली समजा.

चर वाफसा असतानाच काढा. ओल्या काळ्या मातीत जेसीबीचा बकेट फिरला की चराच्या भिंती लिंपल्यासारख्या बंद होतात, मग पाइप धड असूनही पाणी आत येत नाही. वरच्या टोकांना टोपी, तोंडाला झडपेचं झाकण आणि उंदीर-खेकड्यांसाठी जाळी.

वारणाकाठ:
अहवाल आला. वरचा थर: सामू ८.९, क्षारता १:२.५ वर १.१, विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) २० टक्के, धनायन विनिमय क्षमता (माती असे क्षारकण किती धरून ठेवते ती) ५०. जिप्सम आत्ताच टाकू का?

चोपण_मिरज:
आधी निचरा, मग जिप्सम. सोडियम सुटला तरी बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथंच फिरत राहतो. तुमच्या आकड्यांत २० वरून १० टक्क्यांवर आणायचं म्हणजे ५० च्या १० टक्के, १०० ग्रॅम मातीमागे ५ मिलीइक्विव्हॅलंट (त्या क्षमतेचंच माप) सोडियम काढायचा. वरच्या १५ सेंमीसाठी एका मिलीइक्विव्हॅलंटला एकरी ८ क्विंटल शुद्ध जिप्सम, म्हणजे एकरी ४ टन. पहिल्या वर्षी निम्मं पुरे. उन्हाळ्यात वरच्या १०-१५ सेंमीतच मिसळा, नांगरून खाली गाडू नका. मग छोटे वाफे बांधून पाणी द्या, थोडं जिरू द्या, पुन्हा द्या.

पाचट_नको_जाळू:
त्यामागोमाग हिरवळीच्या खताला ताग नको, धैंचा. एकरी १६-२० किलो बी, ४५-५० दिवसांनी फुलोऱ्यात गाडा. उसाला फुले २६५ घ्या, क्षाराला त्यातल्या त्यात तग धरते. कांडी सरीत पडते हे बरंच आहे, कारण क्षार वरंब्याच्या माथ्यावर चढतात; सोयाबीन टोकायचं तर माथ्यावर नको, कुशीला.

पाइप_आणि_पातळी:
ठिबकचा एक धोका लक्षात ठेवा: क्षार थेंबाखाली ओल्या होणाऱ्या मातीच्या गोळ्याच्या कडेला साठतात. पहिल्या हलक्या पावसात ते मुळांकडे सरकतात, तेव्हा पाऊस पडतोय म्हणून संच बंद करू नका, चालूच ठेवा. आणि विहिरीच्या पाण्याचं उर्वरित सोडियम कार्बोनेट (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारं कार्बोनेट) तपासून घ्या, लिटरला २.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर जिप्सम टाकत राहाल आणि पाणी ते खात राहील. तसं असेल तर ते पाणी उपशाच्या पाण्यात मिसळूनच वापरा.

वारणाकाठ:
चेंबर-पंपाचाच विचार करतो. ओढा पावसाळ्यात दोन फूट चढतो, तोंड त्याच्या वर काढायचं झालं तर पंप लागणारच.