'रन'चे नेमके अर्थ तरी किती?

प्रश्न: शाळेत रन म्हणजे धावणे एवढंच शिकवलं, आता बघतो तर नळ रन होतो, प्रोग्राम रन होतो, कंपनी रन करतात, सर्दीत नाकसुद्धा रन होतं! सगळं पाठ करायचं का?

प्रतिसाद १: पाठ नका करू हो. न थांबता चालू राहणं किंवा वाहणं, ही एक कल्पना पकडा, बरेचसे अर्थ त्यातच बसतात. आपलं 'चालणे' बघा ना, घड्याळ चालतं, दुकान चालतं आणि "चालेल" म्हणून आपण होकारही देतो.

प्रतिसाद २: पटलं, पण पुढे दुसरा शब्द जोडला की घोळ होतो, तिथे पाठांतराला पर्याय नाही. रन आउट ऑफ म्हणजे संपणं. "आय रॅन इंटू माय टीचर" म्हणजे सर अचानक भेटले, आणि इंटूच्या जागी ओव्हर टाकलंत तर सरांच्या अंगावर गाडी घातलीत!!

प्रतिसाद ३: निवडणुकीचं राहिलं. अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच उभा राहतो, म्हणजे स्टँड. आणि ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत, १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' पुढे होता.