मदत हवी आहे: राज्याच्या इंडिपेंडंट लिव्हिंग कौन्सिलवर कोणी काम केलंय का?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते, व्हीलचेअर वापरते. इथल्या स्टेटवाइड इंडिपेंडंट लिव्हिंग कौन्सिलसाठी, म्हणजे दिव्यांगांना स्वतंत्रपणे राहता यावं म्हणून लागणाऱ्या सेवांचं नियोजन करणाऱ्या राज्याच्या परिषदेसाठी, अर्ज करायचं मनात आहे. नेमणूक गव्हर्नर करतात, मुदत 3 वर्षांची. निम्म्याहून जास्त सदस्य स्वतः दिव्यांग असावे लागतात, आणि तेही राज्य सरकारच्या किंवा इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटरच्या (दिव्यांगांना अशा सेवा देणारं स्थानिक केंद्र) नोकरीत नसलेले. 1973 च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्ट या दिव्यांगांविषयीच्या अमेरिकन कायद्यातली ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याबद्दलचे निर्णय आपणच घ्यायचे, एवढं साधं आहे ते.

माझी खरी अडचण राज्याच्या 3 वर्षांच्या आराखड्याची. तो सेंटर्सबरोबर बसून करायचा असतो. पैसा कुठल्या भागात, कुठल्या सेवेवर जावा, हे त्यात ठरतं. नवख्या सदस्याचं तिथे कितपत ऐकलं जातं? इथल्या आपल्या लोकांत बरेच दिव्यांग तरुण आईवडिलांकडेच राहतात. बाहेर पडायचं तर पॅराट्रान्झिटची (दिव्यांगांसाठीची सार्वजनिक वाहनसेवा) गाडी आदल्या दिवशी बुक करायची, नाहीतर बाबांना सुट्टी काढायला लावायची. त्यांचं म्हणणं मला तिथे मांडायचंय.

कुठल्याही राज्यात असं काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा: अर्जात कशावर भर देऊ? बैठकांना किती वेळ जातो? मेसेज केलात तरी चालेल.