डोंगल आप्पांचं, पिन पोराला पाठ. याला डिजिटल म्हणायचं का?

केळीवाला, रावेर
वारस नोंदीसाठी गेलो होतो. तलाठी आप्पा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, लोक तलाठीच म्हणतात) बाहेर फोनवर. आत खुर्चीत गावातला पोरगा, आप्पांचं डीएससीचं (डिजिटल सहीचं) डोंगल लावलेलं, पिन त्याला तोंडपाठ. फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) त्यानेच धरला. लॅपटॉप आहे, ई-फेरफार आहे, माणूस मात्र तयार नाही. शिकायचंच नाही यांना. अडवायची सोय जाते ना!

महसुलातला जुना, धुळे
भाऊ, पिन दुसऱ्याला देणं चूकच, त्याची बाजू घेत नाही. पण एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सजे (तलाठ्याच्या हद्दीतली गावं), त्यात पंचनामे, निवडणूक. आमचं ट्रेनिंग म्हणजे तालुक्याला हॉलमध्ये एक दिवस प्रोजेक्टर. मागून काही दिसलं नाही, पोहे चांगले होते. एमएस-सीआयटी आम्ही वेतनवाढ अडू नये म्हणून काढली. त्यात फेरफार कुठे शिकवतात?

केळीवाला, रावेर
वर्षानुवर्षं तेच रडगाणं. व्हॉट्सॲप कोणी हॉलमध्ये शिकवलं होतं? लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, उशीर केला तर 500 ते 5000 दंड. लावा दोघा-तिघांना, बाकीचे आठवड्यात शिकतील.

सातपुडा, धडगाव
दंड लावा, पण सर्व्हर बसला तर कोणाला लावणार? देशातलं पहिलं आधार आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं, 29 सप्टेंबर 2010 ला. मी सेवा केंद्र चालवते. आजही ओटीपीसाठी म्हातारीला घेऊन टेकडी चढते. खाली येईपर्यंत मुदत संपते, परत वर. मला सगळं येतं हो, रेंज येत नाही.

महसुलातला जुना, धुळे
ताईंचं खरं आहे. आणि ज्याला येतं त्याच्या हातात तरी काय? संगणकीकरणात एकाच्या आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला. चूक तलाठ्याला दिसते, शेतकऱ्याला दिसते. दुरुस्तीला जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज, मग तहसीलदारांचा आदेश. एका अक्षरासाठी! कागद गेला, पण फाईल जायची वाट तीच राहिली. किरकोळ टायपिंगची चूक तरी तलाठ्याला, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन, सुधारू द्या.

केळीवाला, रावेर
नको भो! आज 'ळ' सुधारतील, उद्या क्षेत्र. तहसीलदारांचा आदेश लागतो म्हणून जमिनी वाचल्यात.

सातपुडा, धडगाव
आणि ते अधिकार पिन पाठ असलेल्या पोराकडे गेले तर? इथे मी केळीवाल्या दादांच्या बाजूने.

महसुलातला जुना, धुळे
म्हणून तर म्हणतो, आधी सजे भरा. माणूस असेल तर पोरगा लागत नाही.

केळीवाला, रावेर
बरं, एक विचारू? आत्ता उतारा काढला. नोंद लागली, पण बापाच्या नावात काना राहिलाय. ते 155 चं नेमकं कोणाकडे द्यायचं?