मदत हवी आहे: भावाला नकळत देता येईल असं औषध कोणतं?

वैतागलेला_दादा
धाकटा भाऊ. स्किझोफ्रेनिया सांगितलाय. गोळ्या घेत नाही म्हणजे नाही. चहात, आमटीत मिसळता येईल, चव लागणार नाही असं काही मिळतं का? आई रात्र रात्र जागी असते. 'प्रेमाने समजवा' कृपया सांगू नका, करून झालंय. लवकर सांगा.

निशिगंधा
वय? कधीपासून? कोणी सांगितलं, फॅमिली डॉक्टरांनी की मानसोपचारतज्ज्ञांनी? गोळ्या कोणत्या? गाव कोणतं? धाग्यात यातलं काहीच नाही, मग सांगणार काय?

दत्तभक्त
गाणगापूरला नेऊन आणा. आमच्या मावसभावाला फरक पडला.

वैतागलेला_दादा
@निशिगंधा, २३. विटा. सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी. ओलान्झापिन, रात्री एक. चार दिवस घेतली, मग गादीखाली सापडल्या. शेजाऱ्यांचा सीसीटीव्ही आपल्याच खोलीकडे वळवलाय म्हणतो. मोबाइल चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतो. मी कॅमेऱ्याचा फोटो काढून दाखवला, तोंड रस्त्याकडे आहे. तर म्हणे तू पण त्यांना सामील.

प्रा_डॉ_ग
थोडी पार्श्वभूमी देतो. १९०८ साली ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिलं. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे यावरचं पहिलं प्रभावी औषध आलं आणि उपचारांचं चित्र पालटलं. एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, म्हणजे सगळा दोष जनुकांचा नाही आणि आईवडिलांच्या वळणाचा तर नाहीच.

वैतागलेला_दादा
सर, माझी परीक्षा नाहीये.

सुमन_मिरज
मी सासूबाईंना आमटीतूनच दिलं, डॉक्टरांना सांगून. त्या जेवायला लागल्या, झोपायला लागल्या. सल्ले देणाऱ्यांनी एक रात्र आमच्या घरी काढून दाखवावी.

गोळीवाला
मेडिकल दुकान आहे माझं. रिस्पेरिडोन हे याच आजाराचं दुसरं औषध पातळ स्वरूपात मिळतं, पण ते चहात किंवा कोलात घालायचं नसतं, माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. आणि तुमच्या डॉक्टरांनी ते लिहिलेलंच नाही. चिठ्ठीशिवाय मागू नका, कोणी दिलं तर घेऊ नका.

सावलीतला
सुमनताई, तुमची रात्र मला नाकारायची नाही. पण मी त्या ताटासमोर बसलेला माणूस आहे. आजार माझा. घरचे जेवणात काहीतरी घालतात असा मला संशय होता, सगळे म्हणायचे वेडा भ्रम आहे. मग एक दिवस वरणाच्या वाटीच्या तळाशी न विरघळलेला पांढरा चुरा दिसला. म्हणजे माझा संशय बरोबर होता! त्यानंतर आईच्या हातचं खायला मला फार काळ लागला. आज गोळी स्वतः घेतो, पण त्या चुऱ्यामुळे नाही.

सुमन_मिरज
मग कशामुळे? तेच सांगा ना, त्यांनाही तेच हवंय.

सावलीतला
झोपेमुळे. नवीन डॉक्टरांनी मला ऐकू येणाऱ्या आवाजांवर वाद घातला नाही, झोप कशी लागते विचारलं. तीन वाजेपर्यंत जागा असायचो. झोपेसाठी गोळी मान्य होती, आजारासाठी नव्हती. आजाराचं पुढे हळूहळू.

निशिगंधा
+१. आपल्याला आजार आहे याची जाणीवच नसणं हा बऱ्याच जणांत आजाराचाच भाग असतो, हट्ट नाही. झेविअर अमाडोर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या सख्ख्या भावाला हाच आजार होता. त्याचं म्हणणं साधारण असं: आधी ऐकून घ्या, त्याच्या जागी उभे राहून बघा, ज्यावर दोघांचं जमतं तेवढंच धरा आणि तिथून सोबत चला. कॅमेऱ्याचे फोटो दाखवणं बंद करा. 'कोणी सतत बघतंय असं वाटलं तर मीही झोपणार नाही' एवढं म्हणा. हो-ला हो करायचं नाही, खोडायचंही नाही.
आणि एक राहिलं: गांजा?

वैतागलेला_दादा
हॉस्टेलला ओढायचा. आता नाही, मला वाटतं. डॉक्टरांना बोललो नाही, वडील समोर होते.

निशिगंधा
बोला. त्यावर निदानही फिरू शकतं. गोळ्या थांबल्यात हेही कळवा. पुढची भेट त्याला न नेता घ्या, घरच्यांकडून ऐकायला बरेच डॉक्टर तयार असतात. पंधरवड्याला किंवा महिन्याला एकदा घ्यायची इंजेक्शनंही असतात, पण त्याच्या संमतीने, आणि ते औषध गोळीतून सोसतंय हे आधी पाहून.

इगतपुरी_प्रेमी
औषधांपेक्षा दहा दिवसांची विपश्यना. मन शांत झालं की सगळं थांबतं.

गोळीवाला
गंभीर मानसिक आजार असेल तर शिबिरवालेच येऊ नका सांगतात. अर्ज वाचलाय का कधी? दहा दिवस मौनात, त्यात कानात आवाज.

इगतपुरी_प्रेमी
तुम्हाला गोळ्याच विकायच्यात.

गोळीवाला
ओलान्झापिनच्या एका पट्टीत मला काय सुटतं ते येऊन बघा.

दत्तभक्त
माझ्या प्रतिसादाला कोणी उत्तरच दिलं नाही.

निशिगंधा
दर्शनाला जरूर न्या, गोळ्या बंद करून नको आणि तिथे सोडून तर मुळीच नको. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ रुग्ण जळून गेले. त्यांनाही घरच्यांनी श्रद्धेनेच आणून ठेवलं होतं.

वैतागलेला_दादा
काल आईच्या अंगावर धावून गेला. शेजाऱ्याने धरलं. आता?

वकील_कराडचे
हे पहिल्या ओळीत हवं होतं! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ८९ बघा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलणारी व्यक्ती, बहुधा घरचंच कोणी) अर्जावर दाखल करता येतं. दोघे तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांपर्यंत. बांधून न्यायचं नाही.

निशिगंधा
आज रात्रीसाठी: १४४१६, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. सुऱ्या-विळी आत ठेवा, आईला एकटीला त्याच्याजवळ ठेवू नका. पुन्हा अंगावर आला तर ११२, नाहीतर थेट सिव्हिल. सावकाशीने पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनशी बोला, तिथे घरच्यांसाठी गट चालतो.

वैतागलेला_दादा
फोन केला. सकाळी मी आणि मामा सांगलीला जातोय, त्याला न घेता. आई मावशीकडे. गांजाचं सांगणार.

सावलीतला
त्याला लपवून जाऊ नका. 'तुझ्या झोपेचं विचारून येतो' सांगून जा.

मुलुंडकर७७
अवांतर: मानसिक आजाराला मेडिक्लेम मिळतो का? माझ्या पॉलिसीत दिसत नाही.

वकील_कराडचे
त्याच कायद्याचं कलम २१(४). शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला हवा. पॉलिसीचा मसुदा टाका, पण इथे नको, वेगळा धागा काढा.