वजन कमी करताना डोकं कसं ताळ्यावर ठेवायचं? (डाएट चार्ट नकोत, प्लीज)

केतकी_४१
नमस्कार मंडळी, धागा काढू की नको यात चार दिवस घालवले, शेवटी काढतेच. जानेवारीत वजन ८४ होतं ते जूनपर्यंत ७८ वर आणलं, फार काही थोर केलं नाही, रात्रीचा भात अर्धा, चहातली साखर बंद आणि रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर ४५ मिनिटं चालणं. मग श्रावण आला, सोमवारची साबुदाणा खिचडी, मग गणपती आणि उकडीचे मोदक, ते किती खाल्ले ते विचारू नका. आता काटा ८०.२ दाखवतोय आणि दोन आठवडे झाले, टेकडीवर पाऊलच पडलं नाहीये.

काय खायचं, किती चालायचं ते सगळं पाठ आहे हो. प्रॉब्लेम डोक्यात आहे. सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा, म्हणजे नक्की काय करायचं? मी फ्रीजवर चिठ्ठी लावलेली "मी ६५ किलोची आहे", चिरंजीवांनी खाली पेनाने लिहिलं "कोणत्या ग्रहावर?" हसले, पण दुपारी गुपचूप काढून टाकली. आणि काट्याचं तर काय सांगू, आमची फरशी उंचसखल आहे, बाथरूमच्या दारापाशी ठेवला की ३०० ग्रॅम कमी दाखवतो, तर मी रोज सकाळी पायाने ढकलत ढकलत तो तिथे नेते. एवढं खाली आलंय प्रकरण.

ज्यांनी वर्ष-दोन वर्षं टिकवलंय त्यांनी प्लीज सांगा.

टेकडीवाला
काटा ढकलणे +१, आमच्याकडेही हेच चालतं, हाहा. जरा हिशोब करा, धीर येईल. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. समजा गणपतीच्या दोन दिवसांत दीड किलो वाढलं, तर तेवढी चरबी चढायला रोजच्या जेवणावर साडेअकरा हजार कॅलरी जास्तीच्या लागतील, मोदक कितीही आवडले तरी एवढे जात नाहीत. वाढतं ते बरंचसं पाणी असतं. गोडधोड, भात खाल्ला की शरीर ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा राखीव साठा) साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वर लोणचं-पापडाचं मीठ. चार दिवस नेहमीचं जेवलात की उतरतं. म्हणून काटा रविवारी सकाळी एकदाच, तोही एकाच फरशीवर!

फुटाळा_एक्सप्रेस
अवो ताई, मोटिवेशन येते अन् जाते, त्याच्या भरवशावर रायलं तं झालंच मंग. मी नागपूरचा, सकाळी साडेपाचले फुटाळा तलावावर जातो, तीन वर्षं झाले. मले काई उत्साह वगैरे नसते बाप्पा, पण माहा दोस्त खाली गाडी लावून उभा रायते अन् मी पाच मिनिट लेट झालो का हॉर्न वाजवते, अख्खी बिल्डिंग जागी होते. शेजारच्या काकूच्या शिव्या खाण्यापेक्षा चालणं बरं. दोस्त पाहा एखादा, बाकी सोडा.

केतकी_४१
@टेकडीवाला, साडेअकरा हजार वाचून खरंच बरं वाटलं. तरी २१ मोदकांचा हिशोब मी करून पाहणार आहे.
@फुटाळा, मैत्रीण आहे पण ती माझ्याहून आळशी.

मानसी_मिशिगन
केतकी, तुझ्या चिठ्ठीबद्दल सांगते. ओटिंगन आणि वॉडन या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९१ सालचा एक अभ्यास आहे, वजन कमी करायच्या प्रोग्रॅममधल्या २५ लठ्ठ बायकांचा. "मला हे जमेल" असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झाल्याची, मोह सहज टाळल्याची गोड गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं उलट कमी उतरलं. म्हणजे पॉझिटिव्ह-पॉझिटिव्हमध्ये पण फरक आहे. ओटिंगनबाईंनी पुढे त्यातून पद्धत काढली, हवं ते डोळ्यांसमोर आणायचं, लगेच आपल्यातलं काय आडवं येतं ते स्वतःशी कबूल करायचं आणि त्याला जर-तर जोडून ठेवायचं. माझं असं आहे, इथे जानेवारीत उणे १५ असतं, घरी येऊन सोफ्यावर बसले की संपलं. मग ठरवलं, बूट काढायच्या आधीच गॅरेजमधल्या ट्रेडमिलवर चढायचं. वाईट दिवशी १० मिनिटं, पण चढायचं. आता तू लिही बघू, तुझं नक्की कुठे अडतं?

केतकी_४१
कुठे अडतं… खरं सांगू? एक मोदक खाल्ला की वाटतं आजचा दिवस गेलाच, मग चार खाते. एक दिवस टेकडी चुकली की वाटतं आता सोमवारपासून. सासूबाई म्हणतात "तोंड किती उतरलंय तुझं, खा गं", मला तेवढं निमित्त पुरतं.

सुगरण_निवृत्त
अगं, दूध थोडं उतू गेलं तर उरलेलं कोणी मोरीत ओततं का? गॅस बारीक करतो, ओटा पुसतो, झालं. मी ५८ व्या वर्षी सुरुवात केली, दोन वर्षांत ११ किलो उतरलं आणि त्यात किमान वीस वेळा उतू गेलंय. आधी मीही स्वतःला फार बोलायचे, "तुला काही जमायचं नाही" वगैरे. एकदा लेक म्हणाली, आई हेच तू मला बोलली असतीस का? तेव्हापासून एकच नियम, चुकला दिवस तर चुकला, सलग दोन चुकवायचे नाहीत.

काट्याऐवजी मोजायला दुसरं काहीतरी घे. मी पर्वती घेतली, १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीला कठडा धरून उभी होते, एक आजोबा वर जाऊन दर्शन घेऊन खाली येऊन "बरं आहे ना?" विचारून गेले. आता न थांबता चढते. काटा महिनाभर हललेला नव्हता तेव्हाही थांबायची पायरी पुढे सरकत होती, मला त्याचाच आधार होता.

आणि थायरॉइड एकदा तपासून घे, चाळिशीनंतर उगाच स्वतःला आळशी म्हणत बसू नये.

गप्प_वाचक
चांगला धागा. एक भर, २१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले होते, कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मी २२ व्या दिवशी कंटाळून जिमचे वर्षाचे पैसे बुडवलेत, परतही मिळाले नाहीत.

केतकी_४१
सगळ्यांचे खूप आभार. अपडेट: आज पर्वतीला गेले. ५७ व्या पायरीला थांबले, काकू, तुमच्यापेक्षा १७ जास्त! फ्रीजवर नवी चिठ्ठी, "मोदक १ झाला तर ताट उचल", चिरंजीवांनी त्याखाली "उरलेले मला" लिहिलंय. काटा माळ्यावर टाकलाय.

टेकडीवाला
माळ्यावर नको हो, रविवारी कोण स्टूल घेऊन चढणार?

सुगरण_निवृत्त
चढू दे की, तेवढ्याच चार पायऱ्या.