मदत हवी आहे: अ‍ॅम्प मॉडेलरमधील प्रीसेटचे आवाज एका पातळीवर कसे आणावेत?

नमस्कार. मी परभणीचा असून भावगीते, भक्तिगीते आणि हिंदी चित्रपटगीते सादर करणाऱ्या एका वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गणेशोत्सवात आणि नवरात्रात आमचे कार्यक्रम सेलू, जिंतूर, हिंगोली अशा गावांतील मंडपांत होतात आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांत. सोबत अ‍ॅम्प नेणे शक्य नसल्यामुळे मी जमिनीवर ठेवायचा मॉडेलर (अॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारे यंत्र) वापरतो आणि त्याचे आउटपुट थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडतो.

मी चार प्रीसेट (जुळवून साठवलेले आवाज) तयार केले आहेत: भावगीतांसाठी कोरस आणि रिव्हर्ब असलेला भरदार क्लीन (विकृती नसलेला स्वच्छ आवाज), चित्रपटगीतांसाठी क्रंच (किंचित विकृत आवाज), अंतऱ्याआधीच्या तुकड्यांसाठी भरपूर गेन (विकृती वाढवणारा नियंत्रक) असलेला लीड आणि अकूस्टिक गिटारचा भास देणारा चौथा. घरी हेडफोन लावून, एकामागून एक वाजवून, हे चारही कानाला सारखे वाटेपर्यंत जुळवले आहेत. तरीही मंडपात क्लीन इतका अंगावर येतो की गायकाचे शब्द झाकले जातात, आणि लीडची पाळी आली की तो की-बोर्ड, ढोलकी व ऑक्टोपॅडच्या खाली दबून जातो. साउंडवाला क्लीनच्या वेळी माझा फेडर (मिक्सरवरील आवाजाची सरकपट्टी) खाली घेतो, ते योग्यच आहे. पण पुढच्या गाण्यात लीड आणखी बुडतो. गायकांचे माइक आणि ढोलकी सांभाळणाऱ्या माणसाने प्रत्येक गाण्यात माझा फेडर हलवत बसावे, अशी अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही. शिवाय ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असल्यामुळे कार्यक्रम वेळेवर सुरू करण्याची घाई असते आणि साउंड चेक जेमतेम उरकला जातो. त्यामुळे जे जुळवायचे ते मंडपात पोहोचण्याआधीच जुळलेले असावे, अशी माझी इच्छा आहे.

मला विशेषतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मॉडेलरमध्ये गेन, मास्टर, चॅनल व्हॉल्यूम आणि आउटपुट लेव्हल असे चार नियंत्रक आहेत. पातळी जुळवताना यांपैकी कोणता हलवावा? संगणकावर मीटर लावून मोजणे कानापेक्षा अधिक भरवशाचे आहे का? आणि लीडसाठी बूस्ट (आवाज वाढवणारा टप्पा) ठेवायचा असेल, तर तो मॉडेलरमधील टप्प्यांच्या साखळीत कुठे असावा?

प्रतिसाद (नांदेड)

नमस्कार. मी ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, त्यामुळे आपली अडचण मिक्सरच्या बाजूने रोज पाहतो. तिचे मूळ हेडफोनच्या कमी आवाजात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले होते की आवाज हळू असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तोच खर्ज भरून येतो. आपला भरदार क्लीन घरी इतरांच्या बरोबरीचा वाटतो आणि मंडपात फुगतो, तो यामुळे. लीडमध्ये बहुधा मिड (मधल्या पट्टीतील स्वर) कमी आणि खर्ज व तीव्र स्वर जास्त असतील. एकटा ऐकताना तो रुंद व दमदार वाटतो, परंतु गिटारला वाद्यमेळात जागा मिळते ती मिडमध्येच, आणि तेथे आपण काहीच ठेवलेले नाही. म्हणून लेव्हल वाढवण्याआधी लीडचे मिड वाढवून पाहा आणि सर्व प्रीसेटमध्ये 80 ते 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापा; गिटारची सर्वांत खालची तार मोकळी वाजवली तरी ती 82 हर्ट्झच्या आसपासच असते.

पातळीसाठी चॅनल व्हॉल्यूम किंवा आउटपुट लेव्हलच हलवावी. गेन हलवला की विकृती बदलते, आणि अनेक मॉडेलमध्ये मास्टर हा पॉवर अ‍ॅम्पचा स्वभावही बदलतो. सुरुवात क्लीनपासून करा. त्याचे छेडलेले स्वर क्षणभर फार उंच जातात, त्यामुळे आउटपुट सर्वांत आधी तोच क्लिप करतो (मर्यादेबाहेर गेल्याने आवाज फाटतो). तो सुरक्षित पातळीवर बसवून बाकीचे त्याच्याशी जुळवा.

मीटर उपयोगी आहे, परंतु केवळ शिखर दाखवणारा नव्हे. विकृतीमुळे लीडच्या आवाजातील चढउतार दाबले गेलेले असल्यामुळे त्याची सरासरी शिखराच्या जवळ असते. शिखरे समान केली तर तो क्लीनपेक्षा कितीतरी मोठा ऐकू येईल. कानाच्या संवेदनेला धरून सरासरी मोजणारे एलयूएफएस हे माप वापरा आणि चारही प्रीसेटवर तोच वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तपासा. एवढ्याने आपण बऱ्याच जवळ पोहोचाल. मात्र ढोलकीखाली काय दबते, हे कोणताही मीटर सांगत नाही. शेवटची जुळवणी तालमीत, स्पीकरवर, कार्यक्रमाइतक्या मोठ्या आवाजात आणि सगळी वाद्ये वाजत असतानाच करावी.

बूस्ट अ‍ॅम्पच्या नंतर ठेवा. आधी ठेवलात तर अगोदरच तुडुंब भरलेल्या लीडमध्ये फक्त विकृती वाढेल, आवाज फारसा वाढणार नाही. सुरुवातीला 3 डेसिबल पुरेसे आहेत.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. लीडमध्ये मिड खरोखरच बरेच कमी ठेवलेले आहेत. आणखी एक विचारतो. भावगीतांसाठी मी सिंगल कॉइलची गिटार घेतो आणि इतर गाण्यांसाठी हंबकरची (हे दोन तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपचे प्रकार). दोन्हींसाठी हेच प्रीसेट चालतील का?

प्रतिसाद (नांदेड)

क्लीनसाठी चालणार नाहीत. हंबकरचा सिग्नल सहसा अधिक जोरकस असतो. क्लीनमध्ये तो फरक थेट आवाजात उतरतो, तर लीडमध्ये त्याचे रूपांतर बहुतांशी गेनमध्ये होते. क्लीनची दुसरी प्रत तयार करून ती हंबकरच्या गिटारवर स्वतंत्रपणे जुळवा आणि नावातच गिटारचा उल्लेख ठेवा, म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या घाईत चुकीचा प्रीसेट दाबला जाणार नाही. लीड मात्र दोन्ही गिटारींवर एकच ठेवून आधी तालमीत ऐकून पाहा.