मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती तास? आपापले अनुभव सांगा

आईबाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्याकडे न्यू जर्सीला येतायत. बाबांना अंतर साडेबारा हजार किलोमीटर सांगितलं, तर म्हणे ९०० च्या स्पीडने १४ तास होतात, मग तिकिटावर १६ कसे? ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी लिहा, वयस्कर माणसं सोबत असतील तर अजूनच बरं.

---

काका वारा विसरले. जाताना तो समोरून, येताना पाठीशी. आम्हाला नेवार्कला (न्यूयॉर्कजवळचा न्यू जर्सीतला विमानतळ) जाताना पावणेसोळा तास लागले, येताना १४ च. बाकी घड्याळाची वेगळीच गंमत, रात्री दीडला मुंबईहून निघालो आणि त्याच तारखेला सकाळी सातला तिथे, सासूबाई म्हणाल्या साडेपाच तासात पोचलो की!

---

२०१९ च्या मे मध्ये दिल्लीहून शिकागोला गेलेलो, तेव्हा पाकिस्तानची हद्द बंद होती त्यामुळे खालून वळसा, मध्ये व्हिएन्नाला तेल भरायला थांबलो, खाली उतरू दिलं नाही, नुसतं सीटवर बसून राहायचं. नकाशावरचं अंतर तेवढंच हो, पण विमानाला वाट मिळाली पाहिजे ना.

---

थोडं अवांतर, पण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मी दोन्ही बाजूंनी केलंय. आधी युरोपवरून जायचे, २०१६ पासून पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर चौदाशेएक किलोमीटरने वाढलं आणि वेळ उलट कमी झाला, कारण तिकडून वारा पाठीशी. मी अख्खी रात्र स्क्रीनवर ते छोटं विमान बघत बसलेले, जपान गेलं की मग नुसतं निळं निळं.

---

डायरेक्ट की मध्ये थांबून, हे आधी ठरवा. आम्ही पैसे वाचवायला दुबईवरून घेतलं, मुंबई-दुबई जेमतेम तीन तास, पण तिथे आठ तास बसलो आणि आईचे पाय एवढे सुजले की चपला चढेनात. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, लाजू नका, इमिग्रेशनची लांबलचक रांग वाचते. दर दीड-दोन तासांनी उठवून फिरवा, पाणी प्यायला लावा (पाणी कमी प्यायलं की बाथरूमला जायला नको, हे आमच्या आईचं लॉजिक!).

आणि शाकाहारी असतील तर एशियन व्हेज मागा. नाव बघून हिंदू मील घेतलं तर त्यात चिकन येऊ शकतं, आमच्या मामांनी झाकण उघडलं आणि पुढचे १२ तास खाकऱ्यावर काढले.

---

थँक्यू सगळ्यांना! बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. वाऱ्याचं पटलं, हिंदू मीलचं अजून पटत नाहीये. आई विचारतेय चकल्या हातातल्या बॅगेत चालतात का?